दार कुणासाठी, खिडकी कुणासाठी?

दिवाळीच्या पणत्या माळ्यावर गेल्या, हवेत जरा गारवा आला, की घराघरांतून एक विषय हमखास निघतो, ‘यंदा घराचं काम काढायचंच!’ आणि काम काढायचं म्हटलं की पहिली नजर जाते ती पावसात फुगलेल्या दारांवर नि गंजलेल्या खिडक्यांवर. वर्षभर आपण त्यांना लाथा-बुक्क्या घालून लावत असतो नि उघडत असतो. तेव्हा त्यांचा नंबर आधी लागला तर नवल नाही.

गेल्या महिन्यात डोंबिवलीच्या एका मैत्रिणीचं पत्र आलं. इमारत जुनी, दोन खोल्या नि स्वयंपाकघर. खिडक्यांच्या चौकटी वाळवीनं पोखरल्यात. घरात सासूबाई, शाळेत जाणारी दोन मुलं आणि ही दोघं. यजमानांनी तीन दुकानांतून तीन गुळगुळीत पुस्तकं आणलीत नि रोज रात्री जेवणं झाली की त्यांच्यावर चर्चा रंगते. तिनं मला विचारलंय की सागवान घ्यावं, अॅल्युमिनियम घ्यावं, की ते नवीन यूपीव्हीसी, एवढंच सांगा.

‘एवढंच’ मी सांगणार आहे, पण सगळ्यांत शेवटी. कारण मैत्रिणींनो, त्याच्या आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे, आणि तो आम्ही विचारला नाही. त्याची किंमत आमच्या घरात एका माणसानं मोजली. सांगायला सोपं नाही, तरी सांगते. एखादीच्या घरी तरी उपयोग होईल.

२००९ साली आम्ही पुण्यातल्या आमच्या ब्लॉकचं काम काढलं. हौसेनं काढलं. दारं कुठली, मुठी कुठल्या, काचेवर नक्षी कुठली, सगळं मी निवडलं. न्हाणीघराचं लाकडी दार खालून कुजलं होतं, तिथं प्लॅस्टिकचं छान फिकट निळं दार बसवलं. जुनं दार आत उघडत होतं, म्हणून सुतारानं नवंही तसंच बसवलं. जुनं सव्वादोन फुटांचं होतं, म्हणून नवंही तेवढंच. मी फक्त रंग सांगितला होता.

दोन वर्षांनी, श्रावणातल्या एका सकाळी, मामंजींना न्हाणीघरात चक्कर आली. ते पडले ते नेमके दाराला टेकून. आम्ही बाहेरून ढकलतोय, तर दार त्यांच्याच अंगावर दाबलं जातंय. ते आतून ‘नको, नको’ म्हणताहेत. शेवटी ह्यांनी नि शेजारच्या मुलानं छिन्नीनं दाराची वरची फळी कापून काढली, मुलगा वरून आत उतरला, त्यानं मामंजींना अलगद बाजूला सरकवलं, तेव्हा कुठं दार उघडलं. पाऊण तास गेला. खुब्याचं हाड मोडलं होतं.

इस्पितळातून ते घरी आले ते चाकाच्या खुर्चीतून. खुर्ची सव्वीस इंच रुंद. आमच्या निळ्या दारातून, चौकट नि उघड्या दाराची जाडी वजा जाता, मोकळी वाट उरायची जेमतेम दोन फूट. खुर्ची दारातच अडायची. मग रोज दोघांनी त्यांना उचलून आत न्यायचं. आयुष्यात कधी कुणाकडे पाण्याचा पेला मागितला नाही असा माणूस! सुनेनं नि मुलानं उचलून न्यायच्या वेळी ते डोळे मिटून घ्यायचे. ते मिटलेले डोळे मला अजून दिसतात.

सुताराचा काय दोष? आम्ही सांगितलं ते त्यानं केलं. दार कुठल्या बाजूला उघडावं, किती रुंद असावं, ते कोण वापरणार, हे आम्ही त्याला सांगितलंच नाही. कारण आम्ही आपापसातही बोललो नव्हतो.

म्हणून माझं सांगणं असं की पुस्तकं मिटून ठेवा. आधी वही घ्या.

आठ दिवसांची वही

कामाच्या आधी आठ दिवस घरातल्या प्रत्येक दाराशी नि खिडकीशी कोण असतं, केव्हा असतं आणि काय करतं, ते लिहून काढा. हसू नका! सकाळचं ऊन कुठल्या खिडकीतून येतं, दुपारी कुठली भिंत तापते, पाऊस कुठल्या बाजूनं आत मारतो, वारा सुटला की कुठलं दार आपटतं, हे सगळं तुम्हांला ठाऊक असतं, पण कागदावर नसतं. आणि कारागिराला कागदावरचंच समजतं.

वहीत काय काय सापडतं ते पाहा. आमच्या पुढच्या दाराचं ते पाहायचं भिंग, म्हणजे मॅजिक आय, सुतारानं आपल्या डोळ्यांच्या उंचीला बसवलं होतं. सुतार पावणेसहा फूट, मी पाच फुटांना इंचभर कमी, सासूबाई त्याहून कमी. दुपारी घरात असायच्या त्या दोघी आम्ही, आणि टाचा उंच केल्या तरी भिंगातून काही दिसत नसे. मग काय, बेल वाजली की सरळ दार उघडायचं! घरात जो सगळ्यांत कमी उंचीचा माणूस एकटा असतो, त्याच्या डोळ्याला भिंग आलं पाहिजे. लागलं तर दोन बसवा, खर्च फार नाही. वरच्या कडीचंही तेच. हात पोचत नसेल तर ती कडी असून नसून सारखीच.

पुढचं दार

पुढचं दार साडेतीन फुटांचं असावं. त्यातून कपाट, फ्रिज आत यायचा असतो, आणि वेळ आलीच तर माणूस स्ट्रेचरवरून बाहेर न्यायचा असतो. बाहेर जाळीचं सुरक्षा दार असेल तर आतलं दार दिवसा उघडं ठेवता येतं, वारा खेळतो आणि आलेल्या माणसाशी बोलताही येतं. दोन्ही दारं एकमेकांना अडणार नाहीत ना, मुठी एकमेकींवर आपटणार नाहीत ना, हे आधीच पाहा.

मूठ गोल घेऊ नका. ओल्या हाताला ती घसरते, संधिवाताच्या बोटांना ती फिरत नाही. खाली दाबायचा लांब दांडा असलेली मूठ घ्या. हातात पिशव्या असल्या तरी कोपरानं दार उघडतं.

उंबरठ्याबद्दल थोडं. पुढच्या दाराचा उंबरठा हा आपल्याकडे नुसता दगड-लाकूड नाही. तिथं रांगोळी घालतो, हळदकुंकू वाहतो. तो ठेवा, पण बेताचा नि फरशीहून वेगळ्या रंगाचा, म्हणजे कमी दिसणाऱ्याला उठून दिसेल. आतल्या खोल्यांचे उंबरठे मात्र काढून टाका. रात्री पाण्याला उठलेलं म्हातारं माणूस त्यांनाच अडखळतं.

न्हाणीघर

आमच्या कथेवरून पहिली गोष्ट तुमच्या ध्यानात आलीच असेल. न्हाणीघराचं नि संडासाचं दार शक्यतो बाहेर उघडावं. बाहेरची वाट अरुंद असेल, येणाऱ्या-जाणाऱ्याला दार लागत असेल, तर बाजूला सरकणारं करा. तेही जमत नसेल तर निदान आतली कडी अशी घ्या की अडचणीच्या वेळी बाहेरून नाण्यानं फिरवून उघडता येईल. अशा कड्या मिळतात. लहान मूल आत अडकलं तरी त्याच उपयोगी पडतात.

दुसरी गोष्ट रुंदीची. अपंग नि वृद्ध माणसांच्या सोयीसाठी केंद्र सरकारनं जे मार्गदर्शक नियम केलेत, त्यांत दाराची मोकळी वाट ९०० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ तीन फूट धरली आहे. आपल्या जुन्या ब्लॉकांत एवढी जागा नसते हे मला माहीत आहे. पण न्हाणीघराची भिंत बहुधा अर्ध्या विटेची असते. इंजिनीअरला दाखवून ती तीन-चार इंच कापता आली तरी फरक पडतो. काम काढलेलंच आहे, भिंत फुटलेलीच आहे, तर तेव्हाच करा. नंतर कुणी करत नाही. आम्हीही केलं नाही, करायची वेळ आली तेव्हा पैसे इस्पितळात गेले होते.

तिसरी गोष्ट जिवाची आहे. जुन्या न्हाणीघरात वरती काचेच्या पट्ट्यांची खिडकी असते, कायम थोडी उघडी. नव्या कामात ती ‘कुरूप’ दिसते म्हणून लोक तिथं बंद काच बसवतात. आणि आत गॅसचा गीझर असतो! बंद जागेत गॅस जळला की हवेतला प्राणवायू कमी होतो आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. अंघोळ करणाऱ्याला समजतही नाही. म्हणून गॅसचा गीझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवून घ्या आणि वरची खिडकी कधीही कायमची बंद करू नका.

दाराचा प्रकार विचाराल तर इथं लाकूड नको. पीव्हीसीचं किंवा फायबरचं दार आणि चौकट ग्रॅनाइटची, हे पाण्याला उत्तम टिकतं. आपल्याकडचे गवंडी ग्रॅनाइटच्या चौकटी सफाईनं बसवतात.

स्वयंपाकघर

ओट्यावरची खिडकी कशी असावी, हे घरातले पुरुष ठरवतात तेव्हा त्यांनी एकदा तरी त्या ओट्यापाशी उभं राहावं, अशी माझी नम्र सूचना आहे! झडपा बाहेर उघडणाऱ्या असतील तर त्या ओढून घ्यायला पेटत्या शेगडीवरून वाकावं लागतं. पदर, ओढणी, गाऊनची सैल बाही, सगळ्यांना धोका. आत उघडणाऱ्या असतील तर नळाला नि मसाल्यांच्या डब्यांना अडतात. ओट्यावर सरकती खिडकीच बरी, आणि तिची कडी हात लांब न करता पोचेल अशा जागी हवी. शेगडी खिडकीच्या अगदी समोर ठेवू नका, वाऱ्यानं ज्योत विझते. खिडकीचा खालचा वीतभर भाग बंद काचेचा ठेवला तर वारा वरून येतो नि ज्योत टिकते. एक्झॉस्ट पंख्याची चौकोनी जागा खिडकीच्या मापातच धरा, मागाहून काच कापत बसावं लागू नये.

आणखी एक. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर जात नाही, जमिनीलगत साचतो. तेव्हा स्वयंपाकघराच्या दाराला खालून रबराची पट्टी लावून ते घट्ट बंद करायची हौस करू नका. खाली थोडी फट किंवा जाळी असूच द्या.

हवा किती लागते?

आपण खिडकीचं माप भिंतीवर काय शोभेल त्यावरून ठरवतो. खरं म्हणजे ते खोलीवरून ठरायला हवं. २०१६ च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत यासाठी सोपा हिशोब आहे. कोरड्या उष्ण हवेच्या जागी खिडक्या जमिनीच्या क्षेत्रफळाच्या एक दशांश, आणि दमट उष्ण हवेच्या जागी एक षष्ठांश. म्हणजे दहा फूट बाय बारा फुटांची, १२० चौरस फुटांची खोली असेल, तर कोरड्या उष्ण हवेच्या गावी १२ चौरस फूट खिडकी चालेल, पण मुंबईला नि कोकणात २० चौरस फूट हवी. चार फूट बाय पाच फुटांची एक खिडकी झाली की वीस चौरस फूट भरतात.

पण इथं एक गोम आहे बरं का! दोन झडपांची सरकती खिडकी एका वेळी निम्मीच उघडते. वीस फुटांची खिडकी, वारा दहा फुटांचा. बिजागरीवर उघडणारी झडपांची खिडकी सगळीच्या सगळी उघडते. जिथं जागा आहे, खाली रस्ता नाही, वारं फार नाही, तिथं झडपांची खिडकी घ्यावी. जिथं बाहेर गॅलरी आहे किंवा आत पलंग अडतो, तिथं सरकती. सगळ्या घराला एकच प्रकार असायला हवा असं कुठं लिहिलंय?

आणि एका भिंतीला खिडकी नि समोर बंद भिंत असेल तर कितीही मोठी खिडकी घ्या, वारा फिरत नाही. समोरच्या दारावर उघडझाप करता येणारं तावदान ठेवा. गरम हवा वर चढते, तिला वरून बाहेर जायला वाट मिळते. जुन्या वाड्यांत दारांवर झरोके असत ते काही उगीच नव्हे.

गज नि जाळी

गज चोरासाठी असतात, मुलांसाठी असतात, पण आग लागली की तेच गज आपल्यालाही आत कोंडतात. तेव्हा घरात निदान एका खिडकीच्या गजांत बिजागरीचं छोटं दार ठेवा, माणूस बाहेर पडू शकेल एवढं. त्याला कुलूप, आणि किल्ली त्याच खोलीत, मोठ्यांच्या हाताला येईल पण मुलांच्या हाताला येणार नाही अशी टांगलेली. तिची जागा घरातल्या सगळ्यांना माहीत हवी, पाहुण्यालासुद्धा.

गज उभे घ्या. आडव्या गजांची मुलांना शिडी होते. दोन गजांतलं अंतर चार इंचांपेक्षा कमी असू द्या, त्यातून लहान मुलाचं डोकं जाता कामा नये. खिडकीखाली पलंग, स्टूल, टीपॉय ठेवू नका. बाहेर काढलेल्या पिंजऱ्यात कुंड्यांची आरास करायचा मोहही आवरा. खालून माणसं जात असतात.

डासांची जाळी हवीच. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, तेव्हा फक्त संध्याकाळी खिडक्या लावून भागत नाही. जाळी स्टेनलेस स्टीलची घ्या, नायलॉनची लवकर फाटते. आणि ती काढून धुता येईल अशी हवी. धूळ भरलेली जाळी डासांबरोबर वाराही अडवते.

आता लाकूड की धातू?

डोंबिवलीच्या मैत्रिणी, आता तुझ्या प्रश्नाकडे येते.

सागवानाला तोड नाही हे खरं. त्याच्या अंगातच तेल असतं, म्हणून वाळवी त्याच्या गाभ्याला सहसा लागत नाही. पण हे गाभ्याचं, हं. बाहेरच्या पांढरट भागाला वाळवी खुशाल लागते. फळीत पांढरा पट्टा दिसला की भाव करायला हरकत नाही. आपल्याकडे बल्लारशा-आलापल्लीकडचा साग नावाजलेला. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ साली बल्लारशाहूनच साग गेला. दुकानदार ज्याला ‘सी. पी. साग’ म्हणतात तो हाच मध्य भारतातला. परदेशातला लागवडीचा सागही बाजारात येतो, तो स्वस्त असतो. कुठला ते विचारून घ्या नि पावतीवर लिहून घ्या. चौकटीची भिंतीकडची बाजू दिसत नाही म्हणून कोरडी सोडू नका. तिला डांबराचा हात द्या, ओल नि वाळवी तिथूनच शिरते.

आतल्या खोल्यांना फ्लश डोअर पुरे. त्यावर आयएसआयची खूण आणि आयएस २२०२ हा आकडा आहे का ते पाहा. हातानं ठोकून पाहा, पोकळ आवाज आला तर नको. बसवताना दाराच्या वरच्या नि खालच्या कडेलाही रंग किंवा वॉर्निश लावून घ्या. सुतार तिथं कधी लावत नाही, कारण दिसत नाही. आणि दार ओल पितं ते तिथूनच. पावसात दार फुगलं म्हणून लगेच रंधा मारू नका. थंडीत लाकूड आक्रसतं नि मग बोटभर फट पडते.

अॅल्युमिनियम हलकं, त्याला वाळवी नाही, बारीक चौकटीत काच मोठी मावते. पण पत्रा पातळ असला की वाऱ्यात खडखडतं. नमुना हातात घ्या, कोपऱ्याचे सांधे हलवून पाहा. उन्हात ते तापतं हेही लक्षात असू द्या.

यूपीव्हीसी गंजत नाही, रंगवावं लागत नाही, रस्त्याचा आवाज चांगला अडवतं. पण आत पोलादी पट्टी घातली आहे ना, हे विचारल्याशिवाय घेऊ नका, नाहीतर मोठी झडप झुकते. त्याची चौकट जाड, त्यामुळे लहान खिडकीत उजेड कमी होतो. आणि ते इतकं घट्ट बसतं की दिवसभर बंद राहिलं तर खोलीत कोंदट वास येतो, पावसाळ्यात कपाटामागे बुरशी धरते. रोज थोडा वेळ तरी उघडायचंच.

समुद्रकाठी राहणाऱ्यांनी बिजागऱ्या, कड्या, स्क्रू सगळं स्टेनलेस स्टीलचं घ्यावं. खिडकी टिकते नि स्क्रू गंजून ती गळून पडते, असं होतं.

तर मैत्रिणी, तुझ्या घरी रस्त्याच्या बाजूला यूपीव्हीसी, ओट्यावर सरकती अॅल्युमिनियमची, न्हाणीघराला पीव्हीसी नि ग्रॅनाइट आणि पैसे उरले तर पुढचं दार सागवानी, असं मी करीन. पण तुझी वही काही वेगळं सांगत असेल तर वहीचं ऐक.

काचेबद्दल दोनच शब्द. मोठ्या नि खाली आलेल्या काचा टफन्ड घ्या. फुटल्या तर बारीक दाणे होतात, सुरे होत नाहीत. मात्र ही काच एकदा तयार झाली की कापता येत नाही. माप चुकलं तर पुन्हा नवी. म्हणून माप पुन्हा पुन्हा तपासा.

माप नि कारागीर

खिडकीचं माप तीन ठिकाणी घ्यायचं, वर, मध्ये नि खाली, आणि त्यातलं सगळ्यांत लहान धरायचं. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्ही तिरकी मापं घ्यायची. ती सारखी नसतील तर भिंत गुण्यात नाही. जुन्या फरशीवर नवी फरशी टाकणार असाल तर ते आधी ठरवा. फरशी इंचभर वर आली की नवंकोरं दार खालून कापावं लागतं.

तीन ठिकाणांहून भाव मागवा, पण तिघांना एकच कागद द्या. नाहीतर एकाच्या भावात काच असते, दुसऱ्याच्या भावात जाळी नसते, तिसरा जुनं काढायचे वेगळे घेतो. सोसायटीची लेखी परवानगी आधी काढा. बाहेरून दिसणाऱ्या बदलावरून नंतर भांडणं होतात. खिडकी मोठी करायची तर वरच्या तुळईला नि खांबाला इंजिनीअरला विचारल्याशिवाय छिन्नी लावू देऊ नका.

खिडकीची खालची फरशी बाहेरच्या बाजूला उतरती हवी. सरकत्या खिडकीच्या खाचेत पाणी बाहेर जायला बारीक भोकं असतात, ती सिमेंटनं बुजली नाहीत ना ते पाहा. पावसाळ्यात ‘खिडकी गळते’ म्हणतो तेव्हा पुष्कळदा तीच बुजलेली असतात. आणि शेवटचा हप्ता देण्यापूर्वी बाहेरून नळीनं पाणी मारून घ्या. कारागीर कितीही भला असो, पाणी मारल्याशिवाय पैसे नाहीत!

जुनी दारं भंगारवाल्याला वजनावर देऊन टाकू नका. चाळीस वर्षांचा साग आता पैसे मोजूनही सहज मिळत नाही. रंधा मारून त्याच्याच फळ्या, कपाटाची दारं, देवघर, बैठकीचा बाक होतो. जुन्या लोखंडी खिडक्याही खरवडून, रेड ऑक्साइड नि तेलरंग देऊन पुष्कळदा वाचतात. खर्च वाचेल तो न्हाणीघराच्या दारावर करा.

जाता जाता

मामंजी नंतर चौदा महिने होते. बहुतेक वेळ पलंगावर. त्या खोलीची खिडकी आम्ही छान साडेतीन फूट उंचीवर घेतली होती, खाली कपाट मावावं म्हणून. पलंगावरून त्यांना फक्त समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसायची. एक दिवस ते म्हणाले, ‘सूनबाई, शेवग्याला फुलं आली असतील ना गं?’ आमच्या आवारात शेवगा आहे, त्यांनीच लावलेला.

त्या संध्याकाळी ह्यांनी पलंगाच्या चारी पायांखाली जाड लाकडी ठोकळे घातले. मामंजींना मागं उशा लावून टेकवलं की शेवग्याचा शेंडा दिसायचा. ते ठोकळे त्याच न्हाणीघराच्या जुन्या, आतल्या दाराच्या चौकटीतले होते. सुतारानं टाकून दिलेले, माझ्या सासूबाईंनी माळ्यावर जपून ठेवलेले.

त्या पलंगावर आता सासूबाई झोपतात. ठोकळे आम्ही काढले नाहीत, फक्त चढायला एक पायरी केली. आणि न्हाणीघराचं दार आता तीन फुटांचं आहे, बाहेर उघडतं.

तर मैत्रिणींनो, आजपासून वही सुरू करा. तुमच्या दाराशी कोण उभं असतं, खिडकीशी कोण बसतं, ते मलाही कळवा. पुढच्या आठवड्यात जुन्या सागवानी फळ्यांचं घरच्या घरी काय काय करता येईल, ते पाहू.